‘सोशिक’ म्हटलं, यात माझं काय चुकलं?

प्रश्न: माझ्या सासूबाई दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताने अंथरुणाला खिळल्या. त्या माझ्या धाकट्या नणंदेकडे असतात आणि त्यांचं सगळं तीच बघते. दर दोन तासांनी कूस बदलायची, औषधांची वही ठेवायची, रात्री-अपरात्री उठायचं. विमा कंपनीने दावा फेटाळला तेव्हा कागदपत्रं घेऊन खेटे घातले तेही तिनेच, आणि मंजूर करून घेतला. आम्ही दुसऱ्या शहरात राहतो. दोघांच्या नोकऱ्या, मुलांच्या परीक्षा, त्यामुळे फारसं जाणं होत नाही. पैसे मात्र दरमहा न चुकता पाठवतो.

तीन महिन्यांपूर्वी सगळे नातेवाईक एकत्र जमले होते. मला वाटलं, कुणीतरी तिचं कौतुक बोलून दाखवायला हवं. मी उभी राहिले आणि म्हणाले, ‘एवढी सोशिक मुलगी आपल्या घरात आहे हे आपलं भाग्य.’ टाळ्या वाजल्या. ती मात्र ‘मला हे बिरुद नकोय, वहिनी’ एवढंच म्हणून आत निघून गेली. तेव्हापासून माझा फोन उचलत नाही. काही कळवायचं असेल तर भावाला कळवते, तेही कामापुरतं.

माझ्या आईला सगळे सोशिक म्हणायचे. त्याहून मोठं कौतुक मला माहीत नाही. मी शब्दकोशसुद्धा काढून बघितला. ‘सहनशील’ असाच अर्थ दिलाय, वाईट काहीच नाही. आमचे मिस्टर म्हणतात, ‘ती पहिल्यापासून अतीच हळवी आहे, सोडून दे.’ मी चुकीचं काय बोलले? आणि यापुढे घरच्या माणसांशीही प्रत्येक शब्द तोलूनमापून बोलायचा का?

— एक वहिनी


वहिनी,

तुम्ही टोमणा मारला नाहीत आणि तोंडदेखलं बोलला नाहीत, हे पत्रातून दिसतंच आहे. त्याबद्दल स्वतःची बाजू मांडत बसू नका. पण तुमच्या नणंदेला लागलं, आणि माझ्या मते ते लागण्यासारखंच होतं. तुमचा हेतू चांगला होता हे जितकं खरं, तितकंच हेही.

आधी तो शब्दकोश कपाटात ठेवून द्या. या भांडणात त्याची साक्ष चालणार नाही. एखाद्या शब्दाचा जो अर्थ आपल्या सगळ्यांचा सामायिक आहे तेवढाच शब्दकोशात येतो. त्याच्यावर चढलेला रंग कधी येतो, कधी निसटतो. ‘काटकसरी’ आणि ‘चिक्कू’ या दोघांचाही हात खर्चाला आखडता असतो, पण जावयाबद्दल बोलताना आपण कोणता शब्द कुठे वापरतो हे सांगायला कुणी शिकवावं लागत नाही. तो रंगही निदान सगळ्यांना ठाऊक असतो. तिसरी गोष्ट मात्र कोणत्याच कोशात सापडत नाही: तो शब्द त्या एका माणसाच्या कानावर आजवर कुणाकुणाकडून, कोणत्या प्रसंगी पडला, हा हिशेब. गॉटलोब फ्रेगे नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाने १८९२ साली एका निबंधात ही विभागणी करताना अलेक्झांडरच्या घोड्याचं उदाहरण दिलं होतं. ब्युसेफॅलस हे त्या घोड्याचं नाव. ते ऐकून चित्रकाराच्या मनात जे येईल, ते घोडेस्वाराच्या मनात येणार नाही आणि प्राणिशास्त्रज्ञाच्या मनात आणखी तिसरंच काही येईल, असं तो म्हणतो. घोडा मात्र एकच.

तुमच्या ‘सोशिक’मध्ये तुमची आई आहे. नणंदेच्या ‘सोशिक’मध्ये कोण आहे, हे तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही. काही अंदाज करता येतात. पुष्कळ मुलींना हा शब्द लहानपणी कौतुक म्हणून मिळालेलाच नसतो, सूचना म्हणून मिळालेला असतो. भावाने खेळणं हिसकावलं तर रडायचं नाही, कारण तू सोशिक. पुढे नोकरीत बढती हुकली तरी तेच, घरात मन मारावं लागलं तरी तेच. ज्या बाईने हा शब्द असा ऐकलाय तिला ‘तू किती सोशिक’ हे वाक्य ‘आणखी थोडं सोस’ असं ऐकू येतं. (एक आगाऊ प्रश्न विचारते. सगळे तुमच्या आईला सोशिक म्हणायचे, असं तुम्ही लिहिलंय. त्यांना स्वतःला ते आवडायचं का, हे कधी त्यांच्या तोंडून ऐकलंत?)

पण हे माझे अंदाज बाजूला ठेवू. तुमच्याच पत्रातला पुरावा त्याहून भक्कम आहे.

चार्ल्स ऑसगुड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी १९५७ साली शब्दांचे हे रंग मोजायची एक रीत मांडली. एका टोकाला ‘चांगलं’, दुसऱ्या टोकाला ‘वाईट’, मधे सात घरं. शब्द ऐकून तुम्हाला वाटेल त्या घरात खूण करायची. अशाच जोड्या ‘बलवान–दुबळा’, ‘चपळ–मंद’ वगैरे. असंख्य खुणा गोळा करून बघितल्यावर बहुतेक उत्तरं मुख्यतः तीन प्रश्नांभोवती फिरताना दिसली: हे चांगलं की वाईट, यात जोर आहे की नाही, आणि हे काही करणारं आहे की नुसतं पडून राहणारं.

आता ‘सोशिक’ या तीन प्रश्नांवर घासून बघा. चांगलं की वाईट? इथे तुम्ही दोघी कदाचित एकाच घरात खूण कराल. तुमची नजर तेवढ्यावरच थांबली, शब्दकोशाचीही. जोर आहे की नाही? तुम्ही म्हणाल, केवढा जोर लागतो सोसायला! तिला वाटेल, जिला दुसरा इलाज नसतो ती सोसते. आणि तिसरा प्रश्न, काही करणारं आहे का? इथे मात्र तुमच्याकडेही उत्तर नाही, कारण सोसणारा माणूस काही करत नसतो. त्याच्यावर काहीतरी येऊन पडतं आणि तो ते अंगावर घेतो.

तुमच्या पत्राचा पहिला परिच्छेद पुन्हा वाचा. दर दोन तासांनी कूस बदलते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाठीवर जखमा होऊ नयेत म्हणून ते करावं लागतं, आणि आपलं वजन न हलवू शकणारा देह वळवायला युक्ती लागते, कंबर शाबूत लागते, रात्रीचा गजर लागतो. औषधांची वही ठेवते, म्हणजे कोणती गोळी कधी बदलली, कशाने उलटी झाली, हे डॉक्टरांना सांगू शकणारं घरात एक माणूस आहे. फेटाळलेला विम्याचा दावा मंजूर करून आणते. ज्याने तो खटाटोप केलाय त्याला विचारा काय असतं ते. ही बाई सोसत बसलेली नाही, ती दोन वर्षं एक अख्खा विभाग चालवतेय. तुम्ही ते बघितलंत, बारकाईने लिहिलंतही, आणि सगळ्यांसमोर उभं राहिल्यावर मात्र त्यातलं एकही क्रियापद तुमच्या तोंडी आलं नाही. आलं ते एक विशेषण, आणि तेही असं, ज्यात तिने केलेलं काहीच मावत नाही.

मी असते तर मीही आत निघून गेले असते. कदाचित दारही आपटलं असतं.

हे झालं शब्दाचं. पण तुमचं पत्र पुन्हा वाचताना मला वाटू लागलं की गोष्ट नुसती शब्दापाशी संपत नाही. इथे मला मम्मटाची आठवण होते. अकराव्या शतकातला काश्मीरचा हा पंडित. संस्कृत साहित्यशास्त्र शिकणाऱ्यांना त्याच्या ‘काव्यप्रकाशा’ला वळसा घालता येत नाही. त्यात तो एक अगदी साधं वाक्य घेतो: सूर्य मावळला. शब्दांचा अर्थ सगळ्यांना एकच. पण लढाईच्या तयारीत असलेल्याला त्यातून कळतं की शत्रूवर झडप घालायची वेळ झाली. प्रियकराला भेटायला जाणारीला कळतं, आता निघायला हरकत नाही. मजुराला कळतं, हातातलं काम थांबवा. गुराख्याला कळतं, गुरं आत घ्या. विक्रेता माल आवरायला लागतो, उन्हाने कावलेला सुटकेचा श्वास टाकतो, आणि जिचा माणूस अजून परतलेला नाही तिच्या पोटात गोळा येतो. वाक्य तेच, ऐकणारा बदलला की त्यातून निघणारं सगळं बदलतं.

यातून निघणाऱ्या या दुसऱ्या अर्थाला तो व्यंग्य अर्थ म्हणतो, आणि तो कशाकशावर अवलंबून असतो याची यादीही देतो. ती यादी तुमच्यासाठीच केल्यासारखी आहे. बोलणारा कोण. कोणाला उद्देशून बोललंय. काकू, म्हणजे वडिलांच्या भावाची बायको नव्हे, आवाजातली चढउतार. वाक्य कसं रचलंय. आजूबाजूला तिसरं कोण हजर आहे. प्रसंग कोणता, जागा कोणती, वेळ कोणती. हजार वर्षांपूर्वी या माणसाने ‘तिसरं कोण हजर आहे’ हा वेगळा मुद्दा म्हणून नोंदवून ठेवलाय, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

तर ही यादी तुमच्या प्रसंगाला लावून बघू. तिसरं कोण हजर होतं? सगळे नातेवाईक. चारचौघांत दिलेलं विशेषण हा एक प्रकारचा निकाल असतो. टाळ्या पडल्या की त्यावर शिक्का बसतो, आणि ज्याच्याबद्दल निकाल लागला त्याला तिथल्या तिथे अपील करता येत नाही. तिने केलं. ‘मला हे बिरुद नकोय’ म्हणाली. ‘बिरुद’ हा शब्द तिने विचार करून निवडलाय असं मला वाटतं, आणि नेमका निवडलाय.

आणि यादीतला पहिलाच मुद्दा, बोलणारा कोण. तुमच्या पत्रात एक वाक्य ओघात येऊन जातं: ‘त्यामुळे फारसं जाणं होत नाही.’ माझं बोट तिथेच अडकलं. हेच ‘सोशिक’ समजा दिवसपाळीला येणाऱ्या परिचारिकेने म्हटलं असतं, तर तुमची नणंद कदाचित हसली असती. तिने सगळं डोळ्यांनी बघितलेलं असतं, आणि तिच्याकडून काही येणंही नसतं. तुम्ही म्हटल्यावर त्यात दुसरा सूर मिसळला. ज्यांनी यातला वाटा उचलायचा होता त्यांच्यापैकी एक उभी राहते आणि जिने एकटीने सगळा उचलला तिला म्हणते, तू किती छान सोसतेस, आमचं भाग्य! ‘भाग्य’ हा शब्दही इथे जड झाला. भाग्य कोणाचं? ज्यांना ते करावं लागलं नाही त्यांचं.

तुम्ही असं म्हणाला नाहीत, मला कळतंय. पण ते वाक्य त्या जागी ठेवलं की त्यातून हेच निघतं, आणि ते काढणाऱ्याला हळवं म्हणता येणार नाही. कान शाबूत असलेला कुणीही ते काढेल.

हळवेपणावरून तुमच्या मिस्टरांचं आठवलं. बर्ट्रंड रसेल या तत्त्वज्ञाने १९४८ मध्ये बीबीसीच्या रेडिओवरच्या एका कार्यक्रमात गमतीने एक क्रियापद चालवून दाखवलं होतं: मी ठाम, तू हट्टी, तो आडमुठा मूर्ख. वागणं तिघांचं सारखंच, पण आपल्यापासून जो जितका लांब तितका त्याच्या वाट्याला येणारा शब्द वाईट. ‘अतीच हळवी’ हे त्यातलंच. स्वतःला लागलं की मन दुखावतं, बहिणीला लागलं की ती हळवी. शिवाय मला एक कळत नाही. आई त्यांची, बहीण त्यांची. सेवा बहीण करतेय, माफी कशी मागावी याची काळजी बायको करतेय, आणि त्यांच्याकडे फक्त अभिप्राय देण्याचं काम कसं राहिलं? हा परिच्छेद त्यांना वाचायला दिलात तरी चालेल.

आता करायचं काय ते. तीन महिने पुरे झाले. फोन उचलत नसेल तर दोन ओळी लिहून पाठवा, फक्त तिला. कुटुंबाच्या ग्रुपवर अजिबात नको, तिथे पुन्हा तीच माणसं आणि पुन्हा त्याच टाळ्या. ‘तुझा गैरसमज झाला’ असं लिहू नका. तिचा समज बरोबर होता. ‘तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी’ हेही नको, कारण त्यातल्या ‘असेल तर’ने सगळ्यावर पाणी पडतं. आईची आठवण, शब्दकोश, चांगला हेतू, हे सगळं पहिल्या पत्रातून वगळा. नंतर कधी तिने विचारलं तर आईचं जरूर सांगा. तो शब्द तुमच्यासाठी काय आहे हे तिलाही कळायला हवं. तुमचा अर्थ काही खोटा नाही.

मी लिहिलं असतं तर साधारण असं: ‘त्या दिवशी मी सगळ्यांसमोर तुला सोशिक म्हटलं. तू दोन वर्षं जे करते आहेस ते मी सांगितलंच नाही, आणि आम्ही त्यात किती कमी होतो हेही गाळलं. ते चुकलं. तुला त्या शब्दाचं काय वाटलं ते ऐकायचं आहे, तुला सांगावंसं वाटेल तेव्हा.’ बस्स. तुमच्या भाषेत लिहा, माझी जशीच्या तशी उतरवू नका, तिला लगेच कळेल.

ती बोलली तर बहुधा तो एक शब्द मागे पडेल आणि दोन वर्षांचं सगळं बाहेर येईल. त्यात तुम्हाला न पटणाऱ्या गोष्टी असतील. पैसे दरमहा पाठवल्याचा उल्लेख करायचा मोह होईल, तो त्या दिवशी आवरा. पैसे पाठवणं लहान गोष्ट नाही, पण रात्री तीन वाजता कूस बदलायला पैसे उठत नाहीत, आणि ती नेमकं हेच म्हणेल.

तिच्या बाजूने एक बोलायचं राहिलं, ते तुमच्याही बाजूचं आहे. तीन महिने अबोला धरणं मला फारसं पटत नाही. एवढं स्पष्ट बोलू शकणाऱ्या बाईने दुसऱ्या दिवशी फोन करून ‘वहिनी, मला हे का टोचलं ते सांगते’ म्हटलं असतं तर गोष्ट इतकी लांबली नसती. पण दर दोन तासांनी उठणाऱ्या माणसाकडे समजावून सांगण्याइतकी ताकद उरत असेल का, याबद्दल मला शंका आहे. म्हणून पहिलं पाऊल तुम्ही उचला.

तुमचा शेवटचा प्रश्न, प्रत्येक शब्द तोलून बोलायचा का. छे! असं बोलणारी माणसं किती कंटाळवाणी असतात हे आपण सगळे जाणतो. शब्दांचे खाजगी हिशेब प्रत्येकाजवळ असतात. ते आधी ठाऊक असणं शक्य नाही आणि कुणी तशी अपेक्षाही ठेवू नये. एखाद्याला ‘बारीक झालास’ म्हटलं तर तो खूश होईल, आणि आजारातून नुकताच उठलेला दुसरा घाबरेल. चुकेल कधीतरी. चुकलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर लगेच दिसतं, आणि तेव्हा ‘काय झालं?’ असं विचारता येतं. तेवढ्याने बहुतेक प्रकरणं तिथेच मिटतात. तुमच्याकडे ती आत निघून गेली तेव्हा मागून कुणी गेलं का, हे पत्रात नाही.

एक सवय मात्र लावून घेण्यासारखी आहे, विशेषतः चारचौघांत कौतुक करताना. माणूस कसा आहे ते सांगण्याऐवजी त्याने काय केलं ते सांगा. ‘त्यागमूर्ती’, ‘कर्तव्यदक्ष’, ‘सोशिक’, ‘समंजस’ ही विशेषणं गळ्यात घातली की उतरवता येत नाहीत. शिवाय ‘समंजस’ म्हटलेल्या माणसाला पुढच्या वेळी भांडायची सोय उरत नाही. ‘हिने विमा कंपनीकडून फेटाळलेला दावा मंजूर करून आणला’ यात रंग चढायला फारशी जागा नाही. ते सगळ्यांना सारखंच ऐकू येतं. हे वाक्य तुम्ही त्या दिवशी बोलला असतात, तर मला वाटतं ती आत गेली नसती, उलट तो दावा कसा मंजूर झाला हे तिने स्वतःच रंगवून सांगितलं असतं.

ताजा कलम म्हणून तुम्ही विचारलंय की पुढच्या महिन्यात तिचा वाढदिवस आहे, तर कार्डावर काय लिहावं. दोन तारखा लिहा. अमुक दिवसापासून तमुक दिवसापर्यंत आई आमच्याकडे, किंवा त्या हलवण्याजोग्या नसतील तर आम्ही तुझ्याकडे आणि तू हवी तिथे. सुट्ट्या आधी मंजूर करून घ्या, मगच लिहा. आणि त्या तारखांपैकी निम्मे दिवस मिस्टरांच्या नावावर टाका. कूस कशी बदलायची हे त्यांना तिच्याकडूनच शिकावं लागेल, तेव्हा एक दिवस आधी पोचा.